दुधीच्या नूडल्स, आजीची विळी आणि माळ्यावरचा खोका

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा मुद्दाम फार बदललेली नाही.)

आजचा भाग स्वयंपाकघरातला आहे. रेसिपीचा नाही, इतिहासाचाच आहे, पण रेसिपी मध्येमध्ये डोकावणार, त्याला इलाज नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्समध्ये ते यंत्र पाहिलं असेल. विजेवर चालणारं, साधारण मिक्सरच्या आकाराचं. वरच्या नळीत दुधीचा किंवा गाजराचा तुकडा उभा बसवायचा, बटण दाबायचं, आणि खालच्या भांड्यात लांबच लांब शेवया पडायला लागतात. स्पायरलायझर. पास्त्याच्या आणि हक्का नूडल्सच्या जागी भाजीच्या नूडल्स, म्हणजे गहू-मैदा कमी आणि भाजी जास्त, असा त्याचा हिशेब. अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात त्याची लाट आली, आणि तिथून ते ऑनलाइन दुकानांमार्फत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या ओट्यांवर पोचलं.

पोचलं म्हणजे, ओट्यावर आलं. पुढे ते ओट्यावर राहिलं की माळ्यावर गेलं, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं, की उपनगरातल्या घरांत कुठलं विजेचं यंत्र टिकलं आणि कुठलं माळ्यावर गेलं, यात एका पिढीचा सगळा इतिहास सापडतो. कोण कुठे राहायला आलं, कोण कामाला जायला लागलं, आणि घरी आल्यावर काम कोणी केलं, हे सगळं.

आधी यंत्र कसं चालतं ते बघू, कारण त्यातच एक गंमत आहे.

नूडल म्हटलं की आपल्याला सोऱ्या आठवतो. पितळी सोऱ्या, खाली जाळी, वरून दट्ट्या, आत शेवेचं पीठ. दाबलं की खालून शेव. पण कच्च्या भाजीला हे जमत नाही. पीठ मऊ असतं, दाबलं की भोकातून वाट काढतं. कच्चं गाजर सोऱ्यात दाबून बघा, सोऱ्याच वाकेल. भाजीची शेवई दाबून निघत नाही, ती कापूनच काढावी लागते. म्हणून या यंत्रात पेन्सिलीच्या शार्पनरसारखी योजना आहे. काही यंत्रांत पातं एका जागी घट्ट असतं आणि मोटर भाजीला गोल फिरवत त्यावर दाबते.

पातं स्थिर, भाजी हलती. ओळखीचं वाटतंय? ही आपली विळी आहे!

सुरीने कापताना भाजी पाटावर स्थिर असते आणि सुरी हलते. विळीचं उलट. पाटावर पाय ठेवून बसायचं, पातं उभं, आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर पुढे न्यायची. किसणीचंही तेच. म्हणजे रील्समधलं ते चकचकीत यंत्र घराण्याने सोऱ्याचं नाही, विळी-किसणीचं आहे. जपानी स्वयंपाकातही मुळ्याचा तुकडा फिरवत फिरवत एका पात्यावर कागदासारखा पातळ उलगडायचं जुनं कसब आहे, त्याला कात्सुरामुकी म्हणतात. तिथेही भाजी फिरते.

मग विळी कुठे गेली? ती गेली ओट्यामुळे.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीत स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, पोळपाट जमिनीवर. मराठी कुटुंबं हळूहळू उत्तरेकडे सरकली, काही जागा वाढली म्हणून, काही जागा परवडेना म्हणून, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर तर पुष्कळ जण नाइलाजाने. बोरिवली, कांदिवलीचं चारकोप, घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर, मुलुंड, आणि पुढे पार डोंबिवलीपर्यंत. नव्या घरात उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा होता. ओट्यावर विळी बसत नाही, कारण तिला पायाने दाबून धरावं लागतं. सुरी आली, चॉपिंग बोर्ड आला. विळी नारळ खवण्यापुरती उरली, कारण तिच्या टोकाच्या खवणीला पर्याय नव्हता.

पाट्याचं तर आणखी अवघड झालं. तळमजल्याच्या चाळीत पाटा रगडला तर कोणाला त्रास नाही. तिसऱ्या मजल्यावर सकाळी सहाला पाटा चालू झाला की खालचे वर येतात भांडायला. शिवाय पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नी-हातोडीने पुन्हा खरखरीत करावा लागतो. ‘टाकीऽऽय, पाट्याला टाकीऽऽय’ अशी हाळी देत बायका फिरायच्या, बहुतेक वडार समाजातल्या. तुम्ही विशीत असाल तर ही हाळी तुम्ही ऐकलेली नसणार. आईला विचारा.

आता विजेकडे येऊ. विजेशिवाय यातलं काहीच घडलं नसतं.

मुंबई शहरात बेस्टची वीज आणि उपनगरात ‘बीएसईएस’ची, हे तुमच्या आजोबांना पाठ असेल. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, स्थापना १९२९. तेव्हा अंधेरी-बोरिवली मुंबई महापालिकेत नव्हतीच. उपनगरं पालिकेत आली दोन टप्प्यांत, १९५० आणि १९५७ साली, आणि दुसऱ्या टप्प्यात हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. पण विजेची हद्द वेगळीच राहिली. घाटकोपर, विक्रोळीपर्यंत बीएसईएस (तीच पुढे रिलायन्स, आणि २०१८ पासून अदानी), तर भांडुप-मुलुंड राज्य वीज मंडळाकडे, म्हणजे आजच्या महावितरणकडे. याचा परिणाम असा, की २००० नंतरच्या दशकात राज्यभर भारनियमन चालू होतं तेव्हा मुंबईचा पिनकोड असूनही मुलुंड-भांडुपकरांची वीज जायची आणि घाटकोपरात दिवे चालू असायचे. मुलुंडकर हे अजून विसरलेले नाहीत.

वीज आली म्हणजे लगेच यंत्रं आली, असंही झालं नाही. परदेशातून कोणी मिक्सर आणला तरी तो आपल्या स्वयंपाकापुढे टिकायचा नाही. त्यांचे मिक्सर बनले होते मिल्कशेक, सूप, केकचं पीठ यांसाठी. त्यात आपण घालणार भिजवलेली उडीद डाळ, सुकं खोबरं, धणे, हळकुंड. दोन मिनिटांत मोटरमधून जळका वास.

इथे गोष्ट येते मुंबईतल्या एका इंजिनिअरची. सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये काम करायचे. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्याकडे जर्मनीचा ब्राउनचा मिक्सर होता, आणि तो आपल्या दळण-वाटणापुढे जळाला. भारतात दुरुस्तीची सोय नव्हती. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, दुरुस्त होत नसेल तर नवीन बनव. माथुरांनी ते मनावर घेतलं. साठच्या दशकात पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस नावाची कंपनी निघाली आणि तिचा मिक्सर म्हणजे ‘सुमीत’. सुमीत म्हणजे चांगला मित्र. साधारण पाचशे-सहाशे वॉटची दणकट मोटर, जी हळदीला घाबरत नाही आणि इडलीचं पीठ वाटताना धापा टाकत नाही.

मला यातला महत्त्वाचा भाग मोटरचा वाटत नाही. भारतीय वाटण हे यंत्राचं माप ठरलं, हा भाग महत्त्वाचा. तोपर्यंत यंत्र सांगायचं, मी एवढंच करीन, तुम्ही तुमचा स्वयंपाक बदला. इथे एका बाईने यंत्राला सांगितलं, स्वयंपाक बदलणार नाही, तू बदल. सत्तर-ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय लग्नात मिक्सर आहेर म्हणून यायला लागला, आणि वर्षभरात पाटा गॅलरीत, कुंडीखाली.

चवीचा वाद मात्र संपला नाही. पाट्यावरची चटणी वेगळी लागते, हे आजीचं म्हणणं खरंच आहे. पाटा चिरडतो, मिक्सर बारीक कापतो. चिरडल्यावर लसूण-खोबऱ्यातलं तेल सुटतं ते वेगळं, आणि मिक्सरचं पातं वेगात फिरताना चटणी गरमही होते. पण सकाळची लोकल पकडायची असेल तेव्हा हा वाद कोण घालणार?

लोकलवरून आठवलं. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली. अख्खी गाडी बायकांची. यामागे काय बदललं होतं ते बघा. उपनगरातल्या इतक्या बायका रोज नोकरीला जायला लागल्या होत्या, की त्यांच्यासाठी पूर्ण गाडी सोडावी लागली. आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या काय करायच्या? मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या, घेवड्याच्या शिरा काढायच्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर भाजी. लोक कौतुकाने याचे फोटो काढतात, बघा किती मेहनती! मला त्या फोटोंचं फार कौतुक वाटत नाही. त्यात दिसतंय ते असं, की आठ तास ऑफिस करून आलेल्या बाईची दुसरी पाळी घरी पोचायच्या आधी गाडीतच सुरू झाली आहे. शेजारी पुरुषांच्या डब्यात पत्ते चालू आहेत, भजन चालू आहे, मटार नाहीत.

आणि याच सुमाराला फूड प्रोसेसर आला. मिक्सरचा मोठा भाऊ. कणीक मळतो, कांदा चिरतो, गाजर किसतो, काकडीच्या चकत्या करतो. दहा-बारा सुटे भाग. प्रदर्शनात विक्रेता दाखवायचा तेव्हा जादू वाटायची. घरी आणल्यावर कळायचं, चार माणसांच्या कोशिंबिरीसाठी एक गाजर किसायला तीस सेकंद, आणि मग भांडं, झाकण, दट्ट्या, जाळी आणि मधला दांडा धुवायला दहा मिनिटं. वन रूम किचनच्या ओट्यावर तो ठेवायला जागा नाही, म्हणजे दरवेळी माळ्यावरून उतरवा, परत चढवा. बोरिवली ते मुलुंड, कितीतरी घरांच्या माळ्यावर तो खोका अजून थर्माकोलसकट सापडेल.

मिक्सर राहिला, प्रोसेसर गेला. कारण सोपं आहे. मिक्सरने रोजचं, अंगमोड करणारं, टाळता न येणारं काम उचललं. प्रोसेसरने असं काम उचललं जे हाताने पाच मिनिटांत होत होतं.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांचं १९८३ चं एक गाजलेलं पुस्तक आहे, ‘मोअर वर्क फॉर मदर’. त्यांचा मुद्दा असा, की घरात यंत्रं आली तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत, कारण यंत्राबरोबर अपेक्षा वाढल्या. कपडे धुवायचं यंत्र आलं, तर कपडे रोज बदलायला लागले. आपल्याकडे हे तंतोतंत घडलं. पाट्याच्या काळात इडली-डोसा हा मराठी घरातला खास बेत होता. मिक्सर आल्यावर तो शनिवारचा नाश्ता झाला. सोबत चटणी ताजी हवी, सांबारात मसाला घरचा हवा. वाचलेला वेळ नव्या पदार्थात गेला.

आकडाही सांगतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेली, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांची ९७. ‘जे करतात’ हे शब्द लक्षात घ्या, कारण पुरुषांमध्ये असं काम करणारे साधारण चारात एक होते. हा देशाचा आकडा आहे, बोरिवलीचा नाही. पण तुमच्या घरात ओट्यापाशी उभं कोण असतं, हे तुम्हाला सर्वेक्षणाशिवाय माहीत आहे.

आता पुन्हा शेवयांकडे. कारण बारीक लांब तार काढणं हे मराठी स्वयंपाकात नवं अजिबात नाही.

उन्हाळा लागला की शेवया. रवा-मैदा भिजवून, तिंबून तिंबून मऊ केलेला गोळा. पाट तिरका लावायचा, एकीने तळहाताने पाटावर तार वळत खाली सोडायची, दुसरीने ती अलगद झेलून काठीवर वाळत घालायची. नंतर हाताने फिरवायचं शेवयांचं मशीन आलं, बाकाला किंवा खाटेला पकडीने आवळायचं. एकीने गोळा घालायचा, दुसरीने दांडा फिरवायचा, तिसरीने तारा उचलायच्या. कुरडयांचंही तेच. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर किंवा प्लास्टिकवर पाडा. सोऱ्या दाबायला जोर लागतो, एकट्या बाईचं ते काम नाही. उपनगरातही सोसायटीच्या गच्चीवर हे चालायचं, मुलांना कावळे हाकलायला बसवून. आणि लग्न ठरलं की वळवटाचे प्रकार: गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या. फणुली म्हणजे कणकेचा बारीक तुकडा फणीवर दाबून उमटवलेला. इटलीत अगदी असाच, रेघा असलेल्या लाकडी फळीवर वळलेला पास्ता असतो, आणि त्याला मात्र आपण ‘आर्टिझनल’ म्हणतो, असो.

हे सगळं कष्टाचं होतं, त्याचं गोडगोड चित्र काढण्यात अर्थ नाही. पाठ धरायची, हात दुखायचे. फक्त ते काम एकटीचं नव्हतं आणि रोजचं नव्हतं. वर्षातून आठ दिवस, चार जणी मिळून. पुढे शेवया दुकानात मिळायला लागल्या, बचत गटांनी केल्या, गिरणीवर विजेच्या मशीनने निघाल्या. घरातून ते काम बाहेर गेलं आणि तिथे त्याचे पैसे मिळायला लागले. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी गच्चीवर सुरू केलेलं लिज्जतचं काम बघा. पापड लाटणं तिथे आजही हातानेच होतं, पण प्रत्येक हाताला मोबदला आहे.

१९८३ मध्ये मॅगी आली आणि ‘नूडल’ हा शब्द मराठी घरात रुळला. स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाड्यांनी तो पक्का केला. त्या गाडीवरचा माणूस कोबी ज्या वेगाने तारेसारखा बारीक चिरतो, तो बघत उभं राहावं असा असतो. हातात फक्त एक रुंद पात्याचा सुरा.

आणि आता नूडल परत घरात आली आहे, भाजीची होऊन. रात्री नऊला, एकटीने किंवा एकट्याने करायची. बहुतेक वेळा कारण साखरेचं असतं किंवा वजनाचं. ज्या घरात बाबांची शुगर वाढली आहे आणि त्यांना नूडल्स सोडवत नाहीत, तिथे हे यंत्र खरंच उपयोगी पडतं. पण तिथेही विचारायचं, कोणाची मिनिटं?

घेणार असाल, किंवा घरात पडून असेल, तर चार गोष्टी ऐका. दुधी कोवळा, सडपातळ आणि सरळ घ्या. जून दुधीचा मधला बियांचा गाभा भुसभुशीत असतो, यंत्राच्या काट्यांची पकड सुटते आणि दुधी आतल्या आत गरागरा फिरतो. दोन्ही टोकं सपाट कापा, नाहीतर तो तिरका बसतो आणि शेवयांऐवजी तुकडे पडतात. आपलं लाल गाजर खाली निमुळतं असतं, त्याचा वरचा जाड भागच चालतो, खालचा कोशिंबिरीला. बीट उत्तम, फक्त ओटा लाल होईल. दुधीच्या आणि काकडीच्या शेवयांना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी पिळून टाका (ते कणकेत वापरा), आणि मोठ्या आचेवर फोडणीत एक-दोन मिनिटंच परता. जास्त शिजवलं की नूडल्स संपल्या, दुधीची भाजी तयार. आणि पातं लगेच धुवा. वाळलेला गाजराचा चोथा त्या पात्यातून काढायला जुना टूथब्रश लागतो, आणि बोटं जपायची.

हातात एक-दोन भाज्याच असतील तर हाताने फिरवायचा छोटा प्रकारही मिळतो, धुवायला सोपा. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड बिघडलं, लोकल थांबल्या, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत वीज गेली, आणि लॉकडाउनमध्ये घरून काम करणारे सगळे एकदम बाल्कनीत आले. त्या दिवशी मिक्सरही बंद होते. किसणी चालू होती.

पुढच्या भागात प्रेशर कुकरची शिट्टी. तोपर्यंत एक करा: तुमच्या घरातल्या माळ्यावर कुठलं यंत्र पडून आहे ते कमेंटमध्ये लिहा. कोणी आणलं होतं, किती वेळा वापरलं, आणि शेवटचं कोणी धुतलं होतं, तेही.